बाबा, हा फोन मी करतो

ताई,

मी सव्वीस वर्षांचा आहे. नोकरी करतो. घरात आई, बाबा आणि मी. लहानपणापासून बुजरा. शाळेत उत्तर येत असूनही हात वर केला नाही, ऑफिसात बैठक असली की आदल्या रात्री झोप लागत नाही. अनोळखी माणसाला फोन करायचा म्हटलं की छातीत धस्स होतं. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून काढतो, आणि तरी शेवटी बाबांनाच सांगतो, ‘तुम्ही करा ना.’ ते करतात. कॉलेजचा प्रवेश, बँकेतलं खातं, गाडीचा विमा, सगळं त्यांनीच बोलून केलं.

गेल्या महिन्यात घराला रंग द्यायला काढला होता. बाबा काही दिवस बाहेरगावी होते. काम संपत आलं तेव्हा रंगाऱ्याने ठरल्यापेक्षा बरेच जास्त पैसे मागितले. आतल्या खोलीला त्याने तीनऐवजी दोनच हात दिले होते, ते मला दिसलं होतं. पण तो मोठ्या आवाजात बोलायला लागला आणि माझ्या घशाला कोरड पडली. मी पैसे दिले. बाबा आले, त्यांनी त्याला बोलावून घेतलं, हिशेब मांडला आणि दहा मिनिटांत जास्तीचे पैसे परत घेतले. मग माझ्याकडे बघून त्याला म्हणाले, ‘याच्याशी काय व्यवहार करता, आमची भागूबाई आहे ती.’ तो हसला. बाबाही हसले. मी खिडकीच्या चौकटीवरचा रंगाचा ओघळ नखाने खरवडत उभा होतो.

माझा चुलतभाऊ सैन्यात आहे. तो आला की बाबा त्याच्याशी तास तास बोलतात. त्याला विचारतात, मला सांगतात.

मी ठरवलंय की विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारायची आणि व्हिडिओ बाबांना पाठवायचा. आईला सांगितलं तर ती रडायलाच लागली. म्हणाली, आधी कुणाला तरी विचार. म्हणून तुम्हाला विचारतो. काय केलं म्हणजे बाबांच्या नजरेत माझी किंमत वाढेल?

– एक भागूबाई


मित्रा,

पत्राखालची सही वाचली आणि आधी ती खोडली. वडिलांनी परक्या माणसासमोर मारलेला टोमणा तू स्वतःच्या हाताने सहीच्या जागी लिहायला लागलास, म्हणजे तो किती खोल गेलाय ते कळलं. पुढच्या पत्राखाली काहीच नाही लिहिलंस तरी चालेल. हे नको.

आता पॅराशूटचं. हौस असेल तर जरूर मार उडी, मजा येते म्हणतात. पण ज्या कामासाठी तू ती मारायला निघालायस ते काम तिच्याने व्हायचं नाही. पहिल्यांदा उडी मारणाऱ्याला बहुतेक ठिकाणी प्रशिक्षकाच्या पुढ्यात पट्ट्यांनी बांधतात. दारातून बाहेर तो पडतो, पॅराशूट तो उघडतो, जमिनीवर टेकवतोही तोच. तू नुसता लटकलेला. बाबांसारख्या माणसाला हे ओळखायला वेळ लागणार नाही. बरं, समजा व्हिडिओ बघून ते खूश झाले, चार जणांना पाठवला. पुढच्या महिन्यात पुन्हा कुणी चढ्या आवाजात पैसे मागितले तर तेव्हा कुठून उडी मारणार? दोर लावून सरळ कडा चढणारी आणि साहेबापुढे तोंडातून ब्र न काढणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. तुझी भीती उंचीची नाहीच. समोरच्याचा आवाज चढला, कपाळाला आठी पडली, की तुझी पाचावर धारण बसते. मग उपायही तिथेच, जमिनीवर, माणसांसमोर करायला हवा.

तू एका प्रश्नात दोन प्रश्न कोंबलेस. धीर कसा येईल हा एक, बाबा मान कधी देतील हा दुसरा. तुझ्या डोक्यातला हिशेब असा दिसतो: आधी बाबांची शाबासकी मिळेल, मग माझ्या अंगात बळ येईल. हा क्रम उलटा आहे. ‘हे मला जमेल’ हा भरवसा माणसात येतो कुठून, याची मांडणी अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये केली. स्वतः करून पाहणं, आपल्यासारख्या कुणाला करताना पाहणं, कुणीतरी धीर देणं आणि त्या वेळची शरीराची अवस्था, असे चार उगम त्याने सांगितले. सगळ्यांत बळकट पहिला. त्याआधी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सापाला घाबरणाऱ्या लोकांवर प्रयोग केले होते. ज्यांनी साप हाताळणाऱ्यांची फिल्म पाहिली त्यांनाही फायदा झाला, पण ज्यांनी दुसऱ्याच्या मदतीने का होईना स्वतः साप हातात घेतला त्यांची भीती सगळ्यांत जास्त गेली. कुणी ‘तू करशील रे’ म्हटलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, एकदा आपटलं की ते विरतं. बाबांची शाबासकी या जातीची आहे. ती हवी असण्यात गैर काही नाही, फक्त तिच्या भरवशावर थांबून राहू नकोस.

आणि हा बुजरेपणा म्हणजे तुझा नाकर्तेपणा नव्हे. हार्वर्डचे जेरोम केगन चार महिन्यांच्या तान्ह्या बाळांना नवी, हलणारी खेळणी दाखवत, अनोळखी आवाज ऐकवत. सुमारे पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडायला लागे, बरीचशी निवांत पडून बघत. केगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मुलं मोठी होईपर्यंत पाहिली. रडणाऱ्यांतली बरीच पुढे बुजरी झाली. पण सगळी नाही, आणि टोकाची भित्री तर त्यांतली थोडीच राहिली. स्वभावाचा कल घेऊनच माणूस जन्माला येतो, पुढे तो कुठवर जातो हे मात्र बरंचसं नंतर ठरतं. ते ठरण्यात घराचा हात असतो. बुजऱ्या मुलाला आईवडील जितकं जपतात, त्याच्या वाटेतली भीतीची गोष्ट जितकी परस्पर उचलून बाजूला ठेवतात, तितका त्याचा बुजरेपणा मुरत जातो.

हे वाचून तुझ्याच पत्रातली ती यादी पुन्हा बघ. कॉलेज, बँक, विमा. कुणी बोलून केलं? ज्यांनी तुझे सगळे फोन केले तेच आता म्हणतात की याला बोलता येत नाही. मला तुझ्या बाबांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. मुलगा घामाघूम होऊन उभा आहे आणि तेच काम आपल्याला दोन मिनिटांत जमतंय, तर कुठला बाप फोन उचलणार नाही? पण दर वेळी काय होत गेलं ते समजून घे. फोन टळला की तुला हुश्श वाटतं. हे हुश्श फार गोड असतं, आणि तेच भीतीला पोसतं. टळलं म्हणून वाचलो, एवढंच मन शिकतं. फोन केला असता तर पलीकडच्या बाईने ‘एक मिनिट थांबा हं’ म्हणून कंटाळल्या आवाजात माहिती दिली असती आणि दुसरं काहीही झालं नसतं, हे शिकायची पाळीच आली नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा.

म्हणून सुरुवात रंगाऱ्यापासून नको आणि बाबांशी भांडण्यापासून तर नकोच. घरातला पुढचा फोन, कुठलाही, फुटकळसा, ‘बाबा, हा फोन मी करतो’ म्हणून घे आणि दुसऱ्या खोलीत जाऊन कर. दुसरी खोली महत्त्वाची. बाबा शेजारी उभे असले की ते खुणा करणार, मधेच ‘अरे हे विचार, ते विचार’ करणार आणि शेवटी हातातून फोन घेणार. तुला वाटतं त्याहून हे त्यांना जड जाईल, हेही सांगून ठेवते. ज्या घरात दहा मिनिटांत पैसे परत आणणारा एकच माणूस असतो, तिथे त्या माणसालाही ती जागा सोडवत नाही. ते फोन मागतील तेव्हा ‘चुकलं तरी मलाच करू द्या’ एवढं म्हण. खरं तर वडिलांसमोरची तुझी पहिली धिटाई हीच, आणि तिच्यात आवाज चढवावा लागत नाही.

पुढे किती वेगाने जायचं? १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या तरुण मानसशास्त्रज्ञ बाईंनी एका लहान मुलाची हकीकत छापली. तिच्यात त्याला पीटर म्हटलंय, वय जेमतेम तीन. सशाला भयंकर घाबरायचा. जोन्सबाईंनी त्याला सशाला न घाबरणाऱ्या मुलांबरोबर खेळायला बसवलं आणि ससा आणला. इतरांचं बघून तो हळूहळू जवळ जायला लागला, हातही लावायला लागला. आणि मग आजारी पडला. दोनेक महिने इस्पितळात. तिथून निघताना एक मोठा कुत्रा त्याच्या आणि नर्सच्या अंगावर आला. पीटर परतला तेव्हा भीती पुन्हा पहिल्या जागी. जोन्सबाई रागावल्या नाहीत की ‘एवढं शिकवलं ते पाण्यात’ म्हणाल्या नाहीत. त्यांनी दुसरी रीत धरली. तो खुर्चीत बसून आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब, त्याचं खाणं थांबणार नाही इतक्या अंतरावर ठेवायचा आणि मग जरा जरा जवळ आणायचा. शेवटी ससा त्याची बोटं कुरतडायचा आणि पीटर त्याला कुरवाळत बसायचा.

भीतीवरच्या आजच्या उपचारांतही हेच सूत्र आहे: टाळायचं नाही, पण झेपेल एवढंच जवळ जायचं. तुझ्या बाबतीत लांबचा ससा म्हणजे ज्या फोनमध्ये गमवायचं काहीच नाही तो. कुठल्या तरी कार्यालयाची वेळ विचार. रस्ता माहीत असताना वाटेतल्या माणसाला रस्ता विचार. ऑफिसच्या बैठकीत मत देऊ नकोस, नुसता एक प्रश्न विचार, तोही बैठक सुरू झाल्या झाल्या, कारण थांबलास तर शेवटपर्यंत तो गिळतच बसशील. मग घेतलेली वस्तू परत करायला जा. मग एखाद्या सहकाऱ्याला ‘आज नाही जमणार’ म्हण आणि कारण देऊ नकोस. (हे शेवटचं तुला सगळ्यांत अवघड जाईल. भिडस्त माणूस नाही म्हणतो तेव्हा पाच कारणं देतो आणि सहाव्याला हो म्हणतो.) एकेक पायरी इतक्या वेळा कर की तिचा कंटाळा यायला लागेल. कंटाळा आला की पुढची घे. मधेच एखाद्या दिवशी सगळं बिनसेल, ततपप होईल, तू पुन्हा ‘तुम्ही करा ना’वर येशील. पीटरचं झालं तसंच ते. चार पायऱ्या खाली उतरून पुन्हा लागायचं.

तुझा तो कागद. त्याच्यावर पूर्ण वाक्यं लिहू नकोस, तीन मुद्दे लिही, आणि काही दिवसांनी तेही नकोत. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये लोकांसमोर घाबरणाऱ्या माणसाच्या मनात काय चालतं ते फार नेमकं मांडलंय. असा माणूस समोरच्याकडे बघतच नाही, स्वतःवर पहारा देत बसतो: आवाज कापतोय का, चेहरा लाल झाला का, हात थरथरतायत का. वाक्यं घोकणं, नजर चुकवणं हे तो बचावासाठी करतो, आणि वेळ निभावली की श्रेय त्या बचावाला देतो. त्याच्याशिवायही निभावलं असतं हे त्याला कधी कळतच नाही. म्हणून बोलताना मुद्दाम लक्ष बाहेर ने. रंगारी आवाज चढवून बोलतोय ना? त्याच्या मनगटावर कुठल्या खोलीचा रंग वाळलाय ते बघ. हसू नकोस, उपयोग होतो.

त्या रंगाऱ्याबद्दल मला अजून बोलायचंय, कारण तू एक ओळ लिहून पुढे पळालास. आतल्या खोलीला तीनऐवजी दोनच हात झालेत हे तुला दिसलं होतं. घरात आणखी कुणाला दिसलं होतं? बाबा तर गावातच नव्हते. म्हणजे नजर आहे, हिशेब कळतो, खरं-खोटं कळतं. अडलं कुठे, तर डोळ्यांपासून तोंडापर्यंतच्या वाटेत. बुजरी माणसं पुष्कळदा धीट माणसांपेक्षा जास्त बघतात, कारण बोलण्यात त्यांचा वेळ जात नाही. तुझ्याकडे माल नसता तर मी तुला वेगळा सल्ला दिला असता.

तर पुढच्या वेळी तिथल्या तिथे शूर व्हायला जाऊ नकोस. घाबरलेल्या माणसाला वेळ विकत घेता आला पाहिजे. ‘हिशेब बघतो, उद्या सांगतो’ हे एक वाक्य इतकं पाठ कर की झोपेतून उठवलं तरी यावं. तो म्हणेल, उद्या कशाला, आत्ताच मिटवू. तू म्हणायचं, ‘उद्या सांगतो.’ तो आवाज चढवेल, माणसं खोळंबलीत म्हणेल, साहेब विश्वास नाही का म्हणेल. उत्तर तेच, त्याच आवाजात. आवाज चढवायच्या शर्यतीत तू हरशील, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायच्या शर्यतीत बहुतेक लोक आधी थकतात. आणि दुसऱ्या दिवशी: ‘आतल्या खोलीला दोनच हात झालेत. तिसरा द्या, मग उरलेले पैसे.’ एवढं बोलून गप्प बस. त्यानंतरची शांतता तुला असह्य होईल आणि ती भरून काढायला तू काहीतरी सवलत देऊन बसशील, तेवढं करू नकोस. भीड भिकेची बहीण म्हणतात, त्याचा अनुभव तू पैसे मोजून घेतला आहेस.

छाती धडधडेल. धडधडू दे. ब्रिटिश सैन्यातल्या बॉम्ब निकामी करणाऱ्या जवानांचा अभ्यास स्टॅन्ली रॅकमन या मानसशास्त्रज्ञाने केला होता. भीती त्यांनाही वाटायची, पण ती वाटत असताना ते काम करायचे, आणि त्यांचा भरवसा वाढण्यात प्रशिक्षणाचा वाटा मोठा होता. तुझा चुलतभाऊ पोटातूनच शूर आला असं धरून चालू नकोस. सैन्य आधी महिनोन् महिने कवायत करून घेतं, मग पुढे पाठवतं. तुझ्याकडून कवायत कुणी करून घेतली नाही आणि एका सकाळी एकदम चढ्या आवाजापुढे उभं केलं. ही तुलना मुळातच बरोबर नाही. बाबांनी केली म्हणून तूही करत बसावंस असं नाही.

आता बाबा.

हे सगळं थोडं अंगवळणी पडलं, भीड जरा चेपली, की त्यांच्याशी एकदा बोलायचंय. विषय एकच: परक्या माणसासमोर केलेली थट्टा. सगळं बालपण काढू नकोस, चुलतभावाचं नाव घेऊ नकोस. दोघंच असताना, ते घाईत नसताना, ‘बाबा, त्या दिवशी रंगाऱ्यासमोर तुम्ही मला भागूबाई म्हणालात, ते मला लागलं. माझं चुकलं तर मला एकट्याला सांगा, ऐकेन. लोकांसमोर नको.’ झालं. पैसे देण्यात चूक झाली हे आधी कबूल कर हवं तर, कारण ती झालीच होती.

मधे आई नको. तू पॅराशूटचंही आधी आईलाच सांगितलंस, माझ्याकडेही तिच्याच सांगण्यावरून आलास, तेव्हा हा निरोपही तिच्याच हाती पाठवायचा मोह होणार. लेखक फ्रान्झ काफ्का छत्तीस वर्षांचा असताना, १९१९ मध्ये, त्याने वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यांच्यापुढे आपल्याला बोलताच का येत नाही, याचा सगळा पाढा त्यात होता. त्याचा मित्र माक्स ब्रोट याने लिहिलंय की काफ्काने ते वडिलांना द्यायला आईकडे दिलं, आणि आईने न देता परत केलं. जगाने ते वाचलं, वडिलांनी नाही. याउलट मोहनदास गांधींचं बघ. पंधराएक वर्षांचे असताना त्यांनी भावाच्या सोन्याच्या कड्यातला तुकडा चोरला. वडिलांना तोंडाने सांगायची छाती होईना. मार बसेल म्हणून नव्हे, त्यांना वाईट वाटेल म्हणून. शेवटी चिठ्ठी लिहिली, ती आजारी वडिलांच्या हातात स्वतः दिली आणि समोर बसून राहिले. वडिलांनी उठून बसून ती वाचली, डोळ्यांतून पाणी वाहिलं, चिठ्ठी फाडली आणि पुन्हा आडवे झाले. तेव्हा तोंडाने नाहीच जमलं तर तू लिहूनही देऊ शकतोस, त्यात कमीपणा नाही. फक्त स्वतः दे आणि खोलीतून पळू नकोस. (पुढे बॅरिस्टर झाल्यावर पहिल्या खटल्यात हेच गांधी उलटतपासणीला उभे राहिले आणि एक शब्द न फुटता खाली बसले. एका चिठ्ठीने बुजरेपणा संपत नाही, त्याला वर्षं लागतात.)

बाबा काय करतील ते मला माहीत नाही, तुलाही नाही. ‘एवढंसं बोललो तर लागलं?’ म्हणतील कदाचित. त्यावर ‘हो, लागलं,’ पुरे. हसण्यावारी नेतील, चिडतील, किंवा गप्प राहून टीव्हीचा आवाज वाढवतील. त्यांच्या चेहऱ्यावर निकाल वाचत उभा राहू नकोस. वाक्य पोचलं, तुझं काम संपलं. आणि महिन्याभराने त्यांनी पुन्हा कुणासमोर तेच केलं, तर तिथेच शांतपणे ‘बाबा, हे नको’ म्हण आणि बाकीचं घरी आल्यावर. पहिल्यांदा सांगितलेलं खरं होतं की नुसता रुसवा होता, हे ते दुसऱ्या वेळी बघतात.

मुलाच्या भित्रेपणावर तोंडसुख घेणाऱ्या पुष्कळ बापांच्या मनात स्वतःचीच एक भीती असते: मी नसेन तेव्हा याचं कसं होणार. तुझ्या बाबांच्या मनात ती आहेच असं मी इथे बसून सांगू शकत नाही. विचारून बघ, तुमची कधी टरकली होती का, कुणापुढे, तेव्हा काय केलंत. उत्तर आलं तर ऐक. नाही आलं तर निदान प्रश्न तू विचारलास, त्यांनी सांगितलं आणि तू ऐकलंस असं नेहमीचं झालं नाही.

‘त्याला विचारतात, मला सांगतात’ हे तुझ्या पत्रातलं सगळ्यांत नेमकं वाक्य. मानाची खूण ओळखायची असेल तर तीच धर, शाबासकीची वाट बघू नकोस. असे बाप तोंडावर शाबास म्हणत नाहीत. एखाद्या कागदावर सही करण्याआधी तो तुझ्यापुढे सरकवतील. तू केलेला फोन पुन्हा करून खात्री करायचं सोडून देतील. तुझ्याशी वाद घालतील, आणि त्याचा तुला राग येईल, पण ज्याच्या मताला वजन नाही त्याच्याशी कुणी वाद घालत नाही. हे कधी होईल, होईल की नाही, याचा शब्द मी देत नाही. काही बाप शेवटपर्यंत मुलाचं लहानपणीचं चित्र बदलत नाहीत. तसं झालं तरी बँकेतला फोन तूच करत असशील आणि रंगाऱ्याला ‘उद्या सांगतो’ म्हणायला तुला कुणाच्या परवानगीची गरज नसेल.

दोन गोष्टी पत्रात नाहीत, पण विचारायला हव्यात. घरात टोमण्यांच्या पुढे काही चालतं का? हात उगारणं, धमक्या, तुझा पगार काढून घेणं? तसं असेल तर वरचं बोलण्याबिलण्याचं विसर आणि मला पुन्हा लिही. तिथे आधी सुरक्षित व्हायचं असतं, मान-सन्मानाचं नंतर बघता येतं. दुसरं, बैठकीच्या आदल्या रात्रीची झोप. लोकांसमोर जायच्या भीतीने तू बढती नाकारतोयस, लग्नकार्यं आणि मित्रांच्या भेटी टाळतोयस, आणि हे सहा महिन्यांहून जास्त चाललंय, असं असेल तर हा नुसता बुजरा स्वभाव राहिलेला नाही. याला सोशल अँग्झायटी म्हणतात आणि ती बरी होते. विचार आणि वागणं दोन्हींवर काम करणारा सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेव्हियरल थेरपी) हा तिच्यावरचा पहिल्या पसंतीचा उपचार. त्यात थोड्याफार फरकाने ससा जवळ आणायचंच काम असतं, फक्त शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखाली. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ औषधही देतात, त्याला घाबरू नकोस. बैठकीआधी किंवा लग्नाला जाण्याआधी ‘जरा मोकळं वाटावं’ म्हणून दोन घोट घ्यायची वाट मात्र धरू नकोस. बुजरी माणसं त्या वाटेने फार लवकर लांब जातात.

तज्ज्ञांची वेळ ठरवायचा फोन बाबांना करायला लावू नकोस. फोन करवतच नसेल तर मेसेज कर, बहुतेक ठिकाणी चालतो.

– ताई